राणीचा चेहरा तिकिटावर कसा उतरतो

ब्रिटनच्या टपाल तिकिटावर देशाचं नाव छापत नाहीत. १८४० सालच्या पेनी ब्लॅकपासून राजाचा किंवा राणीचा चेहराच तिथे देशाची ओळख असतो. म्हणून जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीत तो चटकन ओळखू यायला हवा. हे काम कसं होतं, ते क्रमाने पाहू.

कॅमेरा लावण्याआधी आपण विचारायचं, की छपाई कोणत्या पद्धतीची? १९११ साली पंचम जॉर्जच्या तिकिटासाठी डाउनी या स्टुडिओचं छायाचित्र घेतलं. चेहरा किंचित वळलेला, दाढी दाट. छपाई मात्र उठावाची, म्हणजे ठशाच्या उंच भागावरची शाई तेवढी कागदावर उमटणार. अशा छपाईत फिकट-गडद छटा बारीक रेघांनीच दाखवाव्या लागतात. गाल, दाढी, सावली सगळं एकमेकांत मिसळलं. टीका इतकी झाली, की लवकरच शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल यांनी घडवलेला, एका बाजूने दिसणारा चेहरा वापरावा लागला. छायाचित्र चांगलं असूनही तिकीट फसतं, ते असं.

मग छायाचित्रासाठीची बैठक. १९५२च्या फेब्रुवारीत राजे सहावे जॉर्ज गेले आणि त्याच महिन्यात डोरोथी वाइल्डिंग यांनी नव्या राणीची, दुसऱ्या एलिझाबेथची, छायाचित्रं काढली. ती तिकिटाच्या कामाला पुरेशी ठरली नाहीत. एप्रिलमध्ये पुन्हा बैठक झाली, या वेळी डोक्यावर हिऱ्यांचा डायडेम, म्हणजे कपाळावरून गोल फिरणारा लहान मुकुट होता. त्यावरून केलेली तिकिटं ५ डिसेंबर १९५२ पासून निघाली. दागिना, केशरचना, खांद्यावरचं वस्त्र हे सगळं बैठकीआधीच ठरवावं. राणीची वेळ पुन्हा मागणं सोपं नसतं.

प्रकाश लावताना केसांकडे लक्ष ठेवा. काळे केस आणि काळी पार्श्वभूमी एकत्र आली, की डोक्याची कडाच हरवते. मोठ्या छायाचित्रात हे जाणवत नाही, लहान होताच डोळ्यांवर येतं. म्हणून प्रत्येक चित्र तिकिटाच्या आकारात छापून, हातभर अंतरावरून पाहावं. नाक, हनुवटी आणि मुकुट एका नजरेत सुटे दिसले नाहीत, तर चित्र बाजूला ठेवा.

वाइल्डिंग यांनी टिपलेला राणीचा चेहरा सुंदर होता, पण तीन-चतुर्थांश वळलेला. विशेष प्रसंगांच्या तिकिटांत चित्राशेजारी तो बसवणं चित्रकारांना फार जड जाई. १९६६ साली जॉन हेजको यांनी राणीची नवी छायाचित्रं घेतली आणि शिल्पकार आर्नल्ड मेचिन यांनी एका बाजूने दिसणारा चेहरा प्लास्टरमध्ये उठावात घडवला. शेवटी छायाचित्र काढलं ते या प्लास्टरचं.

हा वळसा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. प्लास्टर हलत नाही, थकत नाही, त्याला रंगही एकच. दिवा इकडे-तिकडे सरकवून हवी तशी सावली मिळेपर्यंत काम करता येतं. उठाव जास्त वाटला तर शिल्पकार तो घासून कमी करू शकतो. ५ जून १९६७ रोजी निघालेला तो चेहरा राणीच्या निधनानंतरही काही काळ विक्रीत होता.

त्यानंतर छपाई. फोटोग्राव्ह्युअर पद्धतीत चित्राचे अतिसूक्ष्म खळगे सिलिंडरवर कोरले जातात. खोल खळग्यात शाई जास्त, उथळ खळग्यात कमी. त्यामुळे छटा मऊ येतात. इथे फसतं ते रंगाच्या निवडीत. फिकट पिवळ्यात चेहरा विरघळतो, फार गडद रंगात सावल्या बुजतात. प्रत्येक रंगाचा नमुना वेगळा काढूनच मंजुरी द्यावी.

आपल्या घरात जुना तिकीटसंग्रह असेल, तर त्यात १९२६ पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली पंचम जॉर्जची तिकिटं शोधा. एखादं भिंगाखाली धरा आणि चेहऱ्याच्या सावल्या कशा रेघांनी उभ्या केल्या आहेत, ते स्वतः पाहा.