कॉलेज सोडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातलं मोठं गाव. भोवताली कापूस, तूर, सोयाबीन, जवळच कोळशाच्या खाणी आणि 2022 मध्ये सुरू झालेला सिमेंट कारखाना. पदवीसाठी इथली बरीच मुलं वणीची वाट धरतात आणि त्यातली काही मध्येच कॉलेज सोडतात. प्रत्येकाची अडचण वेगळी असते, पण बहुतेकांचं नुकसान वाढवते ती ऐकीव माहिती.

गैरसमज : अभ्यासात कच्ची मुलंच कॉलेज सोडतात.
वस्तुस्थिती : सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी नेमकी पहिल्या सत्रात येते. घरात माणसं कमी असली की मुलांना शेतात उतरावं लागतं. वर्ग बुडाले की हजेरी कमी भरते, मग परीक्षेचा अर्ज अडतो. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, बसभाडं मात्र रोज लागतं. मुलींच्या बाबतीत लग्नाची घाईही असते. वरून रोजंदारी हाताशी दिसते. यात हुशारीचा संबंध थोडाच.

गैरसमज : जाणं बंद केलं की नाव आपोआप कमी होतं.
वस्तुस्थिती : प्रवेश रद्द करायला लेखी अर्ज लागतो. तो न देता घरी बसलं तर ना फी परत मागता येते, ना टीसी हातात येते. टीसी नसेल तर पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज दारातच अडवतं. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्यायला विसरू नका.

गैरसमज : एकदा भरलेली फी बुडाली.
वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये परताव्याचे टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी अर्ज दिला तर 100 टक्के फी परत मिळते, फक्त किरकोळ प्रक्रिया शुल्क कापलं जातं. त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी दिला तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांत 80 टक्के, 30 दिवसांत 50 टक्के. पुढे काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावी लागते. काही वर्षी आयोग यापेक्षा जास्त सवलतही जाहीर करतो. अभियांत्रिकीसारख्या सीईटी सेलच्या प्रवेशांचे नियम वेगळे आहेत, ते माहितीपुस्तिकेत पाहा.

गैरसमज : मूळ कागदपत्रं कॉलेजकडेच राहतात.
वस्तुस्थिती : आयोगाच्या याच नियमांनुसार कॉलेजने मूळ गुणपत्रिका तपासून लगेच परत द्यायच्या असतात. स्वसाक्षांकित प्रती ठेवल्या की त्यांचं काम भागतं.

गैरसमज : कॉलेज सोडलं तरी शिष्यवृत्ती आपलीच.
वस्तुस्थिती : भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांनुसार वर्षाच्या मध्ये शिक्षण थांबवलं तर शासन मिळालेली रक्कम परत मागू शकतं. कोलाम, गोंड अशा आदिवासी मुलांच्या घरी ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी.

गैरसमज : मुलींचं सगळं शिक्षण आता फुकट.
वस्तुस्थिती : 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाची पूर्ण सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ होतं. खोलीभाडं, खाणावळ, प्रवास यांचा खर्च घरालाच उचलावा लागतो, आणि मुलगी परत येते ती बहुधा याच खर्चापायी.

गैरसमज : मध्येच सोडलं म्हणजे झालेली वर्षं वाया.
वस्तुस्थिती : नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाची 40 क्रेडिट मिळवून 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली, तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी तशीच पदविका. क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. पण सत्राच्या मध्येच उठून गेलेल्याच्या खात्यात त्या सत्राचं काही जमा होत नाही. रोज वर्गाला जाणं जमत नसेल, तर 1989 पासून चालू असलेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच.

म्हणून सोडायचंच ठरलं, तर चालू सत्राची परीक्षा देऊन सोडा. त्याआधी प्राचार्यांना भेटा, आदिवासी विद्यार्थ्यांनी पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची आणि राहण्याखाण्यासाठी पैसे देणाऱ्या 'स्वयम्' योजनेची चौकशी करावी. आणि निघताना टीसी, गुणपत्रिका, अर्जाची पोच हे तिन्ही कागद हातात असल्याशिवाय कॉलेजच्या फाटकाबाहेर पडू नका.