दोन्ही बाजूंना चेहरे असलेली नाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला मूल्य, राजचिन्ह किंवा देवता ही रचना इतकी अंगवळणी पडलेली आहे की, दोन्हीकडे चेहरे असलेले नाणे दिसताच ते टांकसाळीच्या चुकीतून निर्माण झालेले आणि म्हणून लाखमोलाचे असणार, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात अशा नाण्यांपैकी इतिहासदृष्ट्या मोलाची नाणी जाणीवपूर्वक पाडलेली आहेत, आणि ‘दुर्मीळ चूक’ म्हणून विकली जाणारी बहुतेक नाणी टांकसाळीबाहेर तयार झालेली असतात.

‘शोले’ (1975) या चित्रपटातील जयच्या नाण्यासारखी, म्हणजे दोन्हीकडे तोच छाप असलेली नाणी सामान्यतः दोन नाण्यांपासून बनवतात. एक नाणे लेथवर आतून कोरून केवळ त्याची कड व एक बाजू शिल्लक ठेवली जाते आणि दुसरे घासून, लहान करून त्या खोबणीत घट्ट बसवले जाते. भिंगाखाली कडेच्या आतल्या अंगाने जाणारी सांध्याची बारीक रेषा बहुधा दिसते, आणि वजन व नाद यांतही फरक पडतो. टांकसाळीच्या चुकीने एकच चेहरा दोन्हीकडे उमटण्याचा खरा प्रकार निराळाच आहे. आधीचे नाणे ठशाला, म्हणजे छाप उमटवणाऱ्या पोलादी साच्याला, चिकटून राहिले तर पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याच नाण्याचा चेहरा उमटतो, परंतु तो खोलगट आणि आरशातल्याप्रमाणे उलटा असतो. रोमन प्रजासत्ताकाच्या चांदीच्या दिनारांत असे नमुने पुष्कळ आढळतात.

दोन चेहरे म्हणजे राजा आणि राणी, हा दुसरा समज त्याहून अधिक पसरलेला आहे. इ. स. पू. 32 च्या सुमारास मार्क अँटनीने काढलेल्या दिनारावर एका बाजूला तो स्वतः आणि दुसऱ्या बाजूला क्लिओपात्रा आहे, हे खरे. पण एवढ्यावरून नियम बांधता येत नाही. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा युक्रेटिडीस याच्या काही नाण्यांवर त्याच्या शिरस्त्राणधारी चेहऱ्याच्या पाठीमागील बाजूस हेलिओक्लीस आणि लाओडिके ही जोडी येते, जी त्याचे आईवडील असल्याचे सामान्यतः मानले जाते. या जोडीत लाओडिकेच्या मस्तकावर राजपट्ट आहे आणि हेलिओक्लीसचे मस्तक उघडे आहे. त्यावरून राजरक्ताचा दावा आईकडून आला असावा, असे अनुमान अभ्यासक करतात, आणि हे अनुमान पटण्याजोगे आहे. पार्थियाचा फ्राताकीस (सुमारे इ. स. पू. 2 ते इ. स. 4) याच्या द्रम्मांवर मागील बाजूस त्याची आई म्यूसा ‘राणी’ या बिरुदासह झळकते. आफ्रिकेतील अक्सुमच्या राज्यात तर दोन्ही बाजूंना एकच व्यक्ती असे: तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील एंदुबिस राजाच्या सोन्याच्या नाण्यांवर दोन्हीकडे धान्याच्या कणसांच्या चौकटीत तोच राजा आहे, आणि नंतरच्या राजांनी एकीकडे मुकुट व दुसरीकडे डोईला गुंडाळलेले वस्त्र अशी योजना केली. दोन चेहरे म्हणजे दोन माणसे, हे गृहीतकही त्यामुळे टिकत नाही.

भारतात याच प्रश्नाचे रूप बदलते. दोन्ही बाजूंना आकृती असलेली सर्वांत परिचित वस्तू म्हणजे रामटंका, ज्याच्या एका बाजूला राम-सीतेचा दरबार आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण असतात. ते रामराज्यातील चलन असल्याचे किंवा त्यांत चमत्कारिक शक्ती असल्याचे सांगून लोकांना फसवले जाते. वास्तविक ते देवस्थानांच्या परिसरात विकले जाणारे व देवघरात ठेवले जाणारे श्रद्धेचे बिल्ले आहेत, कोणत्याही सत्तेने मूल्य ठरवून दिलेली नाणी नव्हेत. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर एका बाजूला अशोकस्तंभशीर्ष असते. 1964 चे नेहरूंचे आणि 1969 चे गांधींचे नाणेही त्याला अपवाद नाही. म्हणून गांधी किंवा नेहरू दोन्हीकडे असलेले ‘रुपयाचे नाणे’ कितीही जुने दिसले तरी ते टांकसाळीने चलनासाठी काढलेले नाही.

महाराष्ट्रातील संग्राहकांना आणखी एक भ्रम होतो. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर क्षत्रप नहपानाच्या छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत, आणि त्यांत चैत्य किंवा उज्जैन चिन्हाखालून जुना चेहरा डोकावतो. ही दोन चेहऱ्यांची रचना नसून पुनर्मुद्रांकन, म्हणजे चालू नाण्यावर नवी मोहोर मारणे, आहे. सातवाहनांनी नहपानावर मिळवलेल्या विजयाचा हा भक्कम पुरावा साठा एकत्र नोंदला गेला म्हणूनच हाती आला. जमिनीत नाणी सापडल्यास ती वेगवेगळी विकू नयेत. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.