शिंपल्याची तावदानं

केळव्यात पानवेलींच्या वाड्यांतून फिरताना दिसतं, जुन्या घरांच्या खिडक्या एकेक करून बदलताहेत. सागवानी चौकट, लोखंडी गज आणि झडपा जातात, अॅल्युमिनियमची स्लायडिंग येते. घरमालकाला बोल लावण्यात अर्थ नाही. खाऱ्या वाऱ्यात गज गंजून फुगतो आणि शेवटी चौकटच फोडतो. (स्लायडिंग निम्म्याहून जास्त कधी उघडतच नाही, हे मात्र एप्रिलच्या उकाड्यातच कळतं.)

पण याच किनारपट्टीवर साडेतीनशे वर्षांपूर्वी तावदानं कशाची असत? शिंपल्याची!

१७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत केळवे-माहीम पोर्तुगीजांकडे होतं आणि त्यांचं मोठं ठाणं वसई. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ च्या सुमारास वसईला गेला. तिथल्या हवेल्यांच्या उंच खिडक्यांना त्याला काचेऐवजी शिंपले दिसले, आणि इकडे तशीच रीत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. गोव्यातल्या जुन्या घरांत या खिडक्या आजही आहेत. लाकडी पट्ट्यांना खाचा पाडायच्या, शिंपला चौकोनी कापून त्यांत सरकवायचा. एखादा तडकला तर तेवढाच बदलायचा, खिडकी जागची हलवायची नाही.

हा शिंपला म्हणजे प्लाकुना प्लासेंटा. उथळ समुद्रातल्या चिखलात राहतो, तळहाताएवढा, पापडासारखा चपटा. त्यात ९९ टक्के निव्वळ कॅल्साइट असतं. खडू आणि संगमरवरही त्याच घराण्यातले. तरीही त्यातून सुमारे ८० टक्के प्रकाश पार होतो! उजेड आत येतो, पण विखरून. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. पडद्याचं कामही परस्पर झालं.

खरी गंमत पुढेच आहे. कॅल्साइट मुळात ठिसूळ. टोचलं की भेग लांबवर पळते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी हाच शिंपला हिऱ्याच्या टोकाने टोचून पाहिला. इजा टोचलेल्या जागेपाशीच थांबली. अतिसूक्ष्म थरांमधले स्फटिक दाबाखाली आपली मांडणी बदलतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी करून घेतात, आणि धक्का त्यातच जिरतो. निव्वळ कॅल्साइटच्या मानाने हा शिंपला जवळजवळ दहापट ऊर्जा पचवतो. ही सगळी करामत उरलेल्या एका टक्क्याच्या, म्हणजे थरांमधल्या सेंद्रिय द्रव्याच्या, मदतीने. आणि केली कुणी? डोकंही नसलेल्या एका जिवाने, चिखलात पडल्या पडल्या.

आता तसं नवं तावदान हवं असेल तर पंचाईत आहे. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून सापडतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे जुन्या खिडकीची दुरुस्ती दुसऱ्या जुन्या खिडकीतूनच करायची. तेव्हा कुणाच्या माळ्यावर तसली झडप पडून असेल, तर भंगारात देण्याआधी जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्या एखाद्या सुताराला जरूर विचारा.