रिकाम्या पेटीची बुडी

पाण्याखाली चित्रीकरण करणाऱ्याला सर्वांत मोठं भय कशाचं असेल? शार्कचं, असं उत्तर देऊन आपण मोकळे होऊ. धंद्यातल्या माणसाला विचाराल तर तो केसाचं नाव घेईल. डोक्यावरचा एक केस, टॉवेलचा धागा किंवा वाळूचा कण. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीचं दार लावताना यांपैकी एखादा रबरी कड्यावर आडवा पडला, की लाखांचा कॅमेरा बघता बघता निकामी होतो.

या पेटीला ‘हाउसिंग’ म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची किंवा जाड प्लॅस्टिकची. पुढे काचेची खिडकी, मागे दार. दाराच्या खाचेत बसतं ते ‘ओ-रिंग’ नावाचं गोल कडं, आपल्या प्रेशर कुकरच्या रिंगचं चुलत भावंड. प्रत्येक बटणाच्या दांडीलाही असंच एक चिमुकलं कडं असतं. नील्स क्रिस्टेन्सेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन तंत्रज्ञाला या कड्याचं पेटंट १९३९ साली मिळालं, तेव्हा त्याची सत्तरी उलटून गेली होती. माझ्या वयाच्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही!

समुद्रात दर १० मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो दाब वाढतो. खिडकी १० सेंटिमीटर व्यासाची धरली, तर ३० मीटर खोलीवर तिच्यावर जवळजवळ २३५ किलोंचा भार पडतो. बँकेत असताना केलेल्या गोदामतपासणीची सवय सुटत नाही म्हणून सांगतो, शंभर किलोंच्या पोत्यांच्या हिशेबात हा भार सव्वादोन पोत्यांहून अधिक झाला, आणि तो तळहाताएवढ्या काचेवर.

गंमत अशी की, पेटी गळते ती बहुधा या खोलीवर नव्हे, तर वरच्या चार-दोन हातांत. दाब वाढला की तोच कड्याला खाचेत रेटून घट्ट बसवतो. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ हा रेटा नसतो, शिवाय उडीचा हिसका आणि लाटांचे धक्के असतात. म्हणूनच बादलीतल्या परीक्षेलाही अर्थ आहे.

गळतीचा इतिहास तर पाण्याखालच्या छायाचित्रणाइतकाच जुना. १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन या वकिलाने लाकडी पेटीत कॅमेरा घालून तो १८ फूट खोल सोडला. पेटीत पाणी शिरलं. तरी काचेवर अंधूकसं चित्र उमटलं. पुढे १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल्स किनाऱ्यावर लुई बूताँ यांनी पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला. खोली वाढेल तसा फुगा दबे, त्यातली हवा पेटीत शिरे आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होई. दाबाशी झुंजण्यापेक्षा त्यालाच कामाला लावण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

ही परीक्षा मी मालवणच्या धक्क्यावर पाहिली. एका तरुण छायाचित्रकाराने पेटीत कॅमेऱ्याऐवजी शिशाचं वजन आणि पांढऱ्या टिश्यू पेपरची घडी ठेवली. वजन अशासाठी, की रिकामी पेटी बुडत नाही. कागद अशासाठी, की एक थेंब आला तरी त्यावर डाग दिसतो. बोटीवरच्या वयस्क तांडेलाला हे काही उमगेना. “रिकामी पेटी कित्याक बुडयतास?” त्याने विचारलं.

“काका, आज भिजलाच तर कागद भिजेल.”

आधी गोड्या पाण्याच्या टबात. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले, ते बाहेरच्या खाचांत अडकलेल्या हवेचे. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुरू राहिली तर मात्र दुखणं खरं. त्याने पाण्याखालीच प्रत्येक बटण दाबून पाहिलं. मग पेटी दोरीने समुद्रात सोडून अर्धा तास तशीच ठेवली. कागद कोरडा निघाला.

हल्ली अनेक जण पेटीतली हवा छोट्या पंपाने काही प्रमाणात काढून घेतात आणि आतला दाब वाढतो का, ते पाहत थांबतात. पद्धत उत्तम, कारण पाण्यात शिरण्याआधीच निकाल कळतो. पण गार खोलीतली पेटी उन्हात आणली, तर आतली हवा तापूनही काटा हलतो आणि माणूस नसलेलं भोक शोधत बसतो.

कड्याला ग्रीस लावायचं ते चकाकी येण्यापुरतंच. त्याचा थर दिला तर कचरा चिकटतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झालं, ते थंडीने ताठरलेल्या अशाच कड्यांमुळे. फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून चौकशी आयोगापुढे ते दाखवलं होतं. मोठ्या यंत्रांचं नशीबही कधी कधी एवढ्याशा रबरावर लोंबकळतं.

या परीक्षेची मुदत मात्र दार पुन्हा उघडेपर्यंतच. दोन बुड्यांच्या मध्ये, हलत्या बोटीवर, ओल्या केसांनी बॅटरी बदलली, की सकाळचा कोरडा कागद निरुपयोगी झाला. आमच्या बँकेत तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे. इथेही दार एकाने लावावं आणि कडं दुसऱ्याने निरखावं.

आणि इतकं करूनही खाली पाणी शिरलंच तर? पेटीची खिडकी खालच्या बाजूला धरायची, म्हणजे पाणी तिच्यात साठतं आणि आतली यंत्रणा थोडा वेळ तरी वाचते. पण वर धाव घ्यायची नाही. मिनिटाला ९-१० मीटरांहून वेगाने वर आलं तर धोका पाणबुड्याच्या फुप्फुसांना आणि रक्ताला असतो. म्हणून तो सावकाश येतो, पाच मीटरवर नेहमीप्रमाणे तीन मिनिटं थांबतो, आणि हातातल्या पेटीत पाणी चढताना पाहत राहतो.