संशोधकांच्या गटाला पैसा कोणत्या शीर्षाखाली?

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पैसा पोहोचण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. अधिछात्रवृत्ती त्याच्या एकट्याच्या नावाने येते, प्रकल्पाचा निधी मार्गदर्शकाच्या नावाने मंजूर होतो आणि परिषद वा कार्यशाळेचे अनुदान विभागाच्या किंवा महाविद्यालयाच्या नावे निघते. चार-पाच संशोधक विद्यार्थ्यांनी स्वतःहून एकत्र येऊन वाचनगट चालवायचा, संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी बाहेरून जाणकार बोलवायचा किंवा साक्री तालुक्यात एकत्र क्षेत्रकार्याला जायचे ठरवले, तर त्यांचा खर्च यांपैकी कशातच नीट बसत नाही. रक्कम किरकोळ असते. अडचण असते ती हिशेबाच्या शीर्षाची.

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा खान्देशात अधिक टोचणारा आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. विद्यापीठाचा परिसर जळगावजवळ गिरणाकाठी. संशोधन केंद्रे मात्र विद्यापीठातील विभागांप्रमाणे ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतही आहेत. धुळ्याहून जळगाव सुमारे नव्वद किलोमीटर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा एकच मार्गदर्शक आहे, तेथील संशोधकाला त्या विषयातले सहाध्यायी किती भेटणार, याचा हिशेब यावरून करता येतो. किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करताना ही मंडळी एकत्र येतात. तो संपला की ज्याची त्याची वाट वेगळी होते. त्यानंतर उरतो मार्गदर्शक आणि दर सत्राला भेटणारी संशोधन सल्लागार समिती. या दोघांपुढे आपल्याला काय येत नाही, हे मोकळेपणाने सांगणे कठीणच.

पूर्वी निदान नियमांचा रेटा होता. २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांत दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. त्यापायी पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०२२ मध्ये ती अट गेली, हे योग्यच झाले. मात्र अटीबरोबर घराबाहेर पडण्याचे एक कारणही गेले.

गटाने काय साधते, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरा नदीवरील फड पद्धतीच्या सामूहिक सिंचनाकडे इतिहासाचा अभ्यासक जुन्या दप्तरांतून पाहतो, भूगोलाचा नकाशांतून, तर अर्थशास्त्राचा पाणीवाटपाच्या नियमांतून. तिघांचे मार्गदर्शक वेगळे, विद्याशाखाही वेगळ्या असू शकतात. एका गाडीने तिघे बंधाऱ्यावर गेले आणि गावकऱ्यांशी एकत्र बोलले, तर तिन्ही प्रबंधांना त्याचा लाभ होईल. पण त्या गाडीचे भाडे कोणत्या विभागाने द्यायचे? अहिराणी किंवा भिलीतील मुलाखतींचे लिप्यंतर करणाऱ्यांनाही हाच अनुभव येणार.

राज्यात २००६ पासून ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन भरते व त्यात संशोधक विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. पण ती स्पर्धा आहे. कला-गुणांसाठी ‘युवारंग’ महोत्सव आहे. आपापले काम वर्षभर एकमेकांना दाखवत राहणे हे या दोहोंत कुठेच बसत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये संशोधन मंडळ आहे आणि विद्यार्थी विकास मंडळही आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी संशोधकही आणि विद्यार्थीही असल्याने त्याचा गट नेमका दोहोंच्या मध्ये पडतो.

अन्य देशांत यावर तोड निघाली आहे. ब्रिटनमध्ये सर गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या २००२ च्या अहवालानंतर संशोधकांच्या कौशल्यविकासासाठी वर्षाला सुमारे दोन कोटी पौंड दिले जात. हा निधी २०११ मध्ये थांबला. तथापि संशोधकांनी स्वतः आखलेल्या उपक्रमांना छोटी रक्कम देण्याची प्रथा तेथील अनेक विद्यापीठांत रुजली. अशा योजनांची रीत साधारण सारखी असते: थोडक्यात अर्ज, दोन-तीन जबाबदार नावे, खर्चाचा अंदाज, उपक्रम इतरांनाही खुला असण्याची अट आणि शेवटी पावत्यांसह अहवाल. विद्यार्थ्यांच्या हाती रोकड दिली जातेच असे नाही. बहुधा विद्यापीठच बिले चुकते करते.

आपल्याकडे आगाऊ रक्कम सहसा कर्मचाऱ्याच्या नावाने निघते. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाला संयोजक करावे लागते. मग फलक येतो, उद्घाटक येतो, शाल-श्रीफळ येते आणि पाच जणांच्या बैठकीचा समारंभ होतो. लेखा विभागाची शंका मात्र अगदीच निराधार नाही. गट ही कायद्याने व्यक्ती नव्हे. प्रबंध सादर करून निघून गेलेल्या विद्यार्थ्याकडून विनियोग प्रमाणपत्र कोण मागणार? एका शिक्षकाची केवळ प्रतिस्वाक्षरी आणि उपक्रमाची आखणी विद्यार्थ्यांकडे, असा मधला मार्ग निघू शकतो.

‘आधी खर्च करा, मग बिल द्या’ ही पद्धत मात्र येथे चालणार नाही. राष्ट्रीय कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली असली, तरी ती पात्रता परीक्षेतून निवड झालेल्यांनाच मिळते. तासिका तत्त्वावर शिकवून पीएच.डी. करणाऱ्याला दोन हजार रुपये चार महिने अडकवून ठेवणेही जड जाते. परताव्याच्या अटीवर निधी दिला, तर ज्यांना गरज कमी तेच त्याचा लाभ घेतील.

एकत्र बसून अभ्यास करणाऱ्यांना पैसा देणे खान्देशाला नवे नाही. अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेव्हा गिरणीच्या उत्पन्नातून तरुण अभ्यासकांच्या वाचन-चर्चेची सोय झाली. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक याच गावातून निघे. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते या संस्थेत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी. धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन झाल्यावर त्यांच्या दप्तराभोवती अभ्यासक जमले व राजवाडे संशोधन मंडळ आकाराला आले. तेथे पदवीची अट नव्हती.

आता ही सोय विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातूनच व्हायची, तर मार्ग अधिसभेतून जातो. अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी तिच्यापुढे येते आणि नोंदणीकृत पदवीधरांतून तिच्यावर दहा सदस्य निवडून जातात. संशोधक विद्यार्थी पदवीधर असतोच. त्या मतदार यादीत मात्र नाव अर्ज करून नोंदवावे लागते.