इंधन घटातील प्लॅटिनमला स्वस्त पर्याय

इंधन घट, म्हणजेच फ्युएल सेल, हे इंधनातील रासायनिक ऊर्जेचे ज्वलनाविना थेट विजेत रूपांतर करणारे साधन आहे. वाहनांसाठी प्रामुख्याने प्रोटॉन विनिमय पटल असलेला घट वापरला जातो. त्यात हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज, उष्णता व पाणी मिळते. या अभिक्रियेस वेग देण्यासाठी प्लॅटिनम हा उत्प्रेरक लागतो. हा धातू दुर्मीळ व महाग असून त्याचे सर्वाधिक उत्पादन दक्षिण आफ्रिकेत होते. म्हणून त्याचा वापर कमी करणे किंवा त्याऐवजी लोह, कोबाल्ट, कार्बन यांसारखे सुलभ पदार्थ वापरणे, हा या क्षेत्रातील संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे.

प्लॅटिनमची आवश्यकता

ॲनोडवर हायड्रोजनाचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांत विघटन होते. प्रोटॉन पटलातून, तर इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून कॅथोडकडे जातात. तेथे ऑक्सिजनाशी संयोग होऊन पाणी तयार होते. ॲनोडवरील अभिक्रिया जलद असल्याने तेथे थोडेसे प्लॅटिनम पुरते. कॅथोडवर मात्र ऑक्सिजन रेणूतील बळकट बंध तोडून चार इलेक्ट्रॉन सामावून घ्यावे लागतात. ही अभिक्रिया मंद असल्याने बहुतांश प्लॅटिनम येथेच खर्ची पडते व पर्यायांचा शोधही मुख्यतः कॅथोडसाठीच चालतो. पटलाभोवतालचे माध्यम आम्लधर्मी असते. त्यात निकेलसारखे स्वस्त धातू विरघळत असल्याने ते थेट वापरता येत नाहीत.

पर्यायांचे प्रकार

पहिला मार्ग प्लॅटिनमची बचत करण्याचा आहे. कोबाल्ट किंवा निकेल यांच्याबरोबरची मिश्रधातू वापरल्यास, अथवा स्वस्त धातूच्या गाभ्यावर प्लॅटिनमचा पातळ थर दिल्यास, कमी प्लॅटिनममध्ये तेवढेच कार्य साधते.

दुसरा मार्ग प्लॅटिनम पूर्णपणे वगळण्याचा आहे. १९६४ मध्ये रेमंड जॅसिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिन हे संयुग ऑक्सिजनाच्या अभिक्रियेस चालना देते, असे दाखविले. पुढे लोह अथवा कोबाल्ट, नायट्रोजन व कार्बन यांचे मिश्रण उच्च तापमानास तापवून उत्प्रेरक बनविण्याची पद्धत रूढ झाली. त्यात धातूचे सुटे अणू नायट्रोजनाच्या आधाराने कार्बनमध्ये बसविलेले असतात.

तिसरा मार्ग माध्यम बदलण्याचा आहे. अल्कधर्मी घटात निकेल, चांदी किंवा मँगनीजची ऑक्साइडे टिकून राहतात. फ्रान्सिस बेकन यांनी १९५९ मध्ये प्रात्यक्षिक दाखविलेल्या ५ किलोवॅटच्या घटात निकेलची विद्युत् अग्रे होती. मात्र हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे अशा घटात कार्बोनेटे तयार होऊन कार्यक्षमता घटते.

मर्यादा

लोहयुक्त उत्प्रेरकांची सुरुवातीची कामगिरी चांगली असली, तरी ती लवकर खालावते. अभिक्रियेत उपफल म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. विरघळलेल्या लोहाशी त्याची अभिक्रिया होऊन अतिक्रियाशील मूलके निर्माण होतात आणि ती कार्बन व पटल यांचा ऱ्हास करतात. शिवाय या उत्प्रेरकाची प्रतिघनफळ क्रियाशीलता कमी असल्याने त्याचा थर बराच जाड ठेवावा लागतो. त्यामुळे ऑक्सिजन आत पोहोचण्यास व पाणी बाहेर पडण्यास अडथळा होतो. त्यामुळे उत्प्रेरक स्वस्त असला, तरी घट वारंवार बदलावा लागल्यास एकूण खर्च कमी होत नाही.

महाराष्ट्रातील संशोधन

पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०) ही इंधन घटांवर संशोधन करणारी भारतातील एक महत्त्वाची संस्था आहे. तेथे श्रीकुमार कुरुंगोट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजनयुक्त कार्बन, लोह आणि कोबाल्ट यांवर आधारित प्लॅटिनमविरहित उत्प्रेरकांचा अभ्यास केला आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व पुण्यातील केपीआयटी कंपनी यांनी २०२० मध्ये स्वदेशी इंधन घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या बसचे अनावरण झाले.

सद्यस्थिती

२०१७ मध्ये कॅनडातील बॅलार्ड आणि जपानमधील निशिनबो या कंपन्यांनी कॅथोडवर मौल्यवान धातू नसलेला लहान क्षमतेचा घट जाहीर केला. वाहनांमध्ये मात्र अद्याप प्लॅटिनमच प्रचलित आहे. बस व मालमोटारींच्या घटांनी हजारो तास चालणे अपेक्षित असल्याने, पर्यायी उत्प्रेरकाची खरी कसोटी त्याच्या किमतीइतकीच टिकाऊपणावर ठरते.