भैरवीच्या आधीची गाडी

आमच्या भिशीचा एक अलिखित क्रम आहे. पहिला अर्धा तास सुना, दुसरा अर्धा तास गुडघे आणि मग चहा. गेल्या हिवाळ्यात मात्र एकदा हा क्रम पार मोडला. निमित्त झालं माझ्या माळ्यावरून निघालेल्या कॅसेटच्या खोक्याचं. ते पाहून कुणीतरी विचारलं, "तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं गं? आणि समोर बसून ऐकलेलं?" झालं! त्या दिवशी भिशीचे पैसे मोजायचेसुद्धा राहून गेले.

आम्ही सगळ्या कर्जत लाइनीवरच्या. दोघी-तिघी अंबरनाथच्या, एक काकू बदलापूरच्या आणि एक सिंधी भाभी उल्हासनगरच्या, कॅम्प नंबर चारमधल्या.

काकू ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी गीतरामायण लहानपणी रेडिओवर ऐकलंय. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली आणि आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी छप्पन्न झाली. वाड्यात रेडिओ एकच होता. काकूंची आजी गाण्याआधी रेडिओला हळदकुंकू वाहायची, उदबत्ती लावायची. आम्ही हसलो, तशा काकू म्हणाल्या, "हसा! तुम्ही टीव्हीला फडकं तरी मारता का?"

भाभींचं आवडतं गाणं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे लग्नात बायका ढोलक घेऊन 'लाडा' म्हणतात, म्हणजे आपल्या मंगलाष्टकांसारखं नव्हे, घाण्याच्या ओव्यांच्या जवळचं काहीतरी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवलेल्या हजारो कुटुंबांत भाभींच्या सासूबाई होत्या. त्या छावणीचंच १९४९ साली उल्हासनगर झालं. सासूबाईंनी सिंधहून आणलं काय, तर दोन पातेली आणि हे लाडे. पुढे भगवंती नावानींच्या आवाजात त्यांच्या तबकड्या निघाल्या, घरोघरी वाजल्या. पण सासूबाईंचे काही लाडे कुठल्याच तबकडीवर नव्हते. त्यांनी ते अरबी वळणाच्या सिंधी लिपीत वहीत उतरवले होते आणि ती लिपी आता भाभींच्या सुनेला वाचता येत नाही. भाभी म्हणाल्या आणि मी देवनागरीत लिहून घेतले, असे अकरा लाडे आजवर झालेत. माझे सिंधी उच्चार ऐकून भाभी पोट धरून हसतात, ते वेगळं.

आता प्रत्यक्ष ऐकलेल्या गाण्याचं सांगते. भाभींनी लहानपणी मास्टर चंदरना ऐकलं, वडिलांच्या खांद्यावर बसून. "मग, शेवटपर्यंत?" मी विचारलं. "कुठलं! झोप लागली."

माझी गोष्ट त्याहून फारशी बरी नाही. ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ साली झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांतली. आम्ही दोघं भीमसेनजींची संतवाणी ऐकायला गेलो होतो. मुलं शेजारी, दूध तापवून ठेवलेलं, दही विरजलेलं, किल्ली वहिनींकडे. एवढा बंदोबस्त करून बसले, तर मध्यंतरानंतर ह्यांचं लक्ष घड्याळाकडे. तेव्हा कर्जत-बदलापूर गाड्या मोजक्या. एक चुकली की कल्याणला फलाटावर ताटकळत बसा. अभंग ऐन रंगात आला आणि ह्यांनी कोपर ढोसलं, "चल, उठ." लोकांच्या पायांवरून माफी मागत बाहेर आले. जिना उतरताना आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. कशाला पडल्या, ते कधीच कळलं नाही.

मी हे सांगितलं आणि एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. कल्याणच्या देवगंधर्व महोत्सवाला गेलेली म्हणाली, "कल्याण म्हणजे जवळच, तरी मी उठलेच. सकाळचा डबा होता ना." दुसरीचं मूल रडलं होतं, तिसरीला सासऱ्यांचं औषध आठवलं होतं. तेव्हा ध्यानात आलं, की आमच्यापैकी एकीनंही मैफलीची भैरवी ऐकलेली नाही! भैरवी खरी सकाळची, पण मैफल मिटवायची ती भैरवीनं, हा रिवाज. आणि मिटेपर्यंत आम्ही कधी बसलोच नव्हतो.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचे हे रात्ररात्र गाणं ऐकायचे. पहाटेच्या गाडीनं परत. दारातूनच म्हणायचे, काय भैरवी झाली म्हणून सांगू! मी चहा टाकायची." जरा थांबून म्हणाल्या, "सांगितली मात्र कधीच नाही."

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर कुणी स्वस्थ बसेल का? महिनाभरातच अंबरनाथला एका शाळेच्या पटांगणात एका तरुण गायिकेचं गाणं ठरलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि पुढे उघड्यावरच्या रात्रभराच्या बैठका संपल्या. पुण्याच्या सवाई गंधर्वातल्यासुद्धा. रसिक हळहळतात, आणि खरंच आहे त्यांचं. पण आमच्या कामी तोच नियम आला. दहाच्या आत गाणं आटोपणार म्हणजे भैरवी साडेनऊच्या सुमाराला!

काकू माझ्याकडे मुक्कामाला आल्या. संध्याकाळी मुगाची खिचडी आणि कढी करून ठेवली. अशा दिवशी पोळ्यांच्या नादी लागू नये, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगते. काकूंच्या पाठीला उशी, पायांवर शाल आणि कडेची खुर्ची. पुढच्या रांगेतला एक मुलगा सारखा फोन उंच धरून चित्र घेत होता. भाभींनी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं, "बेटा, खाली." बसला बिचारा.

पावणेदहाला तंबोरे पुन्हा लागले. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या. माझाही हात सवयीनं पर्सकडे गेला. काकूंनी तो धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

टाळ्या वाजल्या, दिवे लागले. मी विचारलं, "काय काकू?"

"एवढीच असते होय!" काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, तासभर चालत असेल."

मग रिक्षात बसल्यापासून घराच्या दारापर्यंत त्या तीच ओळ गुणगुणत होत्या. सूर बरोबर लागत नव्हता म्हणून पुन्हा पुन्हा. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं झालं?"

काकू म्हणाल्या, "आधी चहा टाका. मग सांगते."